लाइन आल्यावर

नवतप्याचा सहावा दिवस. दुपारी चारला
गोळीबार चौकातल्या डीपीतून निळा जाळ निघाला
आणि गल्लीतले सगळे कूलर एकदम मुके झाले.
"गेली नं राजेहो," कोणीतरी म्हणालं.
संध्याकाळपर्यंत पोट्टे, खाटा, सुराया
सगळं गच्चीवर.

मी खाली. टाकीपाशी.
टाकी शलाकाची. पुण्याला जाताना
वहीचं एक पान चिकटवून गेली काचेला:
खाणं किती, पाणी कधी,
आणि तळाशी दोनदा रेघ मारून,
बाबा, लाइन गेली तर प्लग काढून ठेवा.
फिल्टर आपोआप सुरू होऊ देऊ नका.
त्यानंतर आठ महिने तिचं अक्षर आलं नाही,
माझंही गेलं नाही.

प्लग मी सव्वाचारलाच काढला.
मला कारण सांगावं लागत नाही.
कोराडीला एकतीस वर्षं शिफ्ट केली,
बॉयलर ट्रिप झाला की भट्टीत
न जळलेलं काय साचून बसलंय ते दिसत नाही.
आधी हवा फिरवायची. पूर्ण पाच मिनिटं.
मग ठिणगी.
नवीन इंजिनिअर दर वेळी घड्याळाकडं बघायचा,
मी दर वेळी म्हणायचो, थांब ना बाप्पा.

रात्रभर मग्यानं पाणी उचललं,
वीतभर उंचीवरून सोडलं, पुन्हा उचललं.
टेट्रा वर येऊन पाण्याची साल चाटत होते.
बारापात्र्यांचा कौस्तुभ बर्फाची पिशवी घेऊन आला,
ओतायलाच निघाला होता.
बाटलीत भर, झाकण लाव, तरंगू दे म्हटलं,
एकदम गार केलं तरी मरतात.
तो टॉर्च धरून बसला आणि बसल्या बसल्या झोपला.
खांदा दुखायला लागला तेव्हा मी हात बदलला.
एवढंच.

तीन चाळीसला लाइन आली.
गच्च्यांवरून आरोळी उठली,
कूलर घरघरले, कोणाचा तरी टीव्ही
मधूनच बोलायला लागला.
माझी टाकी अंधारात.

डबा मोरीवर नेऊन उघडला.
सडक्या अंड्यांचा वास, आणि पाणी काळं,
बारा तास कोंडलेलं.
स्पंजात राहणारे ते न दिसणारे जीव
माशांची घाण खाऊन पाणी राखतात,
वाहतं राहिलं तर. बंद डब्यात तेच गुदमरतात,
तेच विष होतात.
हे सगळं एका बटणानं टाकीत गेलं असतं.

काळं पाणी मोरीत ओतलं.
स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळला, बादलीत, तीनदा.
नळाखाली नाही; नळाच्या पाण्यात औषध असतं,
उरलेसुरले तेही मरतात.
वायर सॉकेटच्या खाली झोळीसारखी सोडली,
थेंब आला तर तिथूनच गळावा म्हणून.
हात पुसले. परत पुसले.
पहिलं पाणी बादलीत जाऊ दिलं.
दुसरंही.
मग नळी टाकीत.

फोन तोवर चार्ज झाला होता.
नऊ दहा. साडेअकरा. दोन पाच.
तिन्ही वेळा तीच.
माझ्याकडं पहिलं वाक्य तयार होतं,
आठ महिन्यांपासून तयार होतं.
बादली रिकामी केली, फरशी पुसली,
कौस्तुभला उठवून घरी पाठवलं.
साडेपाचला लावला.

"सगळे आहेत?"
"सात."
"आठ होते."
"शेपूट फाटलेला गेला."
तिकडून काहीच नाही.
मग, "फिल्टर?"
"आधी उघडून धुतला."
"नळाखाली?"
"नाही गं."

"तुमच्या कूलरचा आवाज किती येतो बाबा,"
ती म्हणाली,
आणि फोन ठेवला नाही.